बाबांचा राखीव साठा

ती. ताईस,

सादर नमस्कार. भाऊजींची कंबर, मुलांच्या परीक्षा आणि तुझी अर्धशिशी या तिन्हींची मी स्वतंत्र चौकशी केली आहे असं समज. इकडे सगळं ठीक आहे, हे पत्राची सुरुवात बरी दिसावी म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे वाच, आणि वाचता वाचता फोन लावू नकोस. (तू फोन लावतेस, बाबा "मी अगदी मजेत" म्हणतात आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणूनच हे पत्र.)

बाबांच्या कंपवाताची गोळी दिवसातून चार वेळा असते: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. एक जरी चुकली तरी तासाभरात बाबा उंबरठ्याशी खिळून उभे राहतात, मग मी शेजारी उभा राहून "एक-दोन, एक-दोन" म्हणतो तेव्हा कुठे पाऊल सुटतं. मी कवायतीचा मास्तर, वेळेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. गोळीच्या वेळी मी घरात शिट्टी वाजवतो. तीनच्या गोळीसाठी शाळेतून सायकल हाणत घरी येतो, तोवर सातवीचा वर्ग मैदानाला फेऱ्या मारतो. (बाबांच्या आजाराने सगळ्यात जास्त ती पोरं दमली आहेत.)

आता, बाबांनी चौतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं हे तुला सांगायला नको. तरी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघालं आहे. चिठ्ठीशिवाय त्यांनी कधी खिळासुद्धा बाहेर सोडला नाही, आणि आता चिठ्ठीशिवाय गोळी आत घेत नाहीत. "गोळी, पांढरी, नग एक" असं मी लिहून द्यायचं, त्यांनी थरथरत्या हाताने सही करायची, गोळी मुठीत घ्यायची आणि मला कोमट पाणी आणायला पिटाळायचं. पाणी येईपर्यंत गोळी "घेतलेली" असायची. म्हाताऱ्या माणसाशी हुज्जत कशाला घाला, म्हणून मीही मुकाट्याने चिठ्ठ्या फाडत होतो.

एवढी शिस्त असूनही रोज दुपारी चारच्या सुमारास बाबांचं लाकूड व्हायचं. मी वहीत तसं लिहून ठेवलं. मेंदूच्या डॉक्टरांनी वही वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढच्या खेपेला डोस वाढवू म्हणाले. मी मान हलवली. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या मान हलवण्याची मला अजून धास्ती वाटते.

मग मोरीतला नळ गळायला लागला. प्लंबर आला आणि वॉशर मागू लागला. बाबांच्या कपाटात "वॉशर, मध्यम" अशी चिठ्ठी लावलेला डबा होता, तो मी ऐटीत त्याच्या हातात दिला. त्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, यांना भोकं नाहीत." आत एकेचाळीस गोळ्या होत्या. सगळ्या दुपारी तीनच्या!

मी जो भडकलो तो विचारू नकोस. बाबा शांत. साठा संपू देणारा माणूस भांडारात बसायच्या लायकीचा नाही, म्हणाले. खोदून विचारल्यावर पुढचं बाहेर आलं. दर रविवारी तुझ्या व्हिडिओ कॉलच्या आधी ते त्या डब्यातल्या दोन जादा गोळ्या घ्यायचे. तू म्हणालीस ना, बाबा किती छान डोलत गाणं ऐकत होते? ताई, ते गाणं ऐकत नव्हते. गोळी जास्त झाली की अंग आपोआप डोलायला लागतं. त्यावर तू मला "उगाच राईचा पर्वत करतोस" म्हणालीस आणि मी दोन दिवस फुगून बसलो होतो. (अजूनही थोडा फुगलेला आहे.) आणि उरलेला साठा होता तू येशील त्या दिवसासाठी. फाटकापर्यंत स्वतः चालत येऊन तुझी बॅग घ्यायची, असा बेत होता. मला रडू आलं, आणि तेही प्लंबरसमोर.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. डोस वाढवायचा नाही, आधी लिहिलेला पोटात जातोय का ते बघा, म्हणाले. आता डबा माझ्याकडे कुलपात आहे. आधी पाणी, मग शिट्टी, मग गोळी थेट जिभेवर, आणि शेवटी "आ करा". बाबांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. धरू देत. आज अकरावा दिवस आहे आणि एकही गोळी चुकलेली नाही. काल चार वाजता ते खाटेवरून उठून गॅलरीत आले आणि मी कपडे कसे गबाळे वाळत घातलेत यावर मला चांगलं झापलं. एवढं गोड बोलणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तीनला बाहेर जायला हरकत घेतली आहे. घेऊ देत. तीनची गोळी मीच देणार.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
बारक्या (वजन शहाऐंशी किलो)

ता. क. : वरचं सगळं एका कामासाठी लिहिलं. तू ये. रविवारी नको, आणि आधी कळवूनही नको. मधल्या वारी, दुपारी. कधी बरे, कधी अडकलेले, असतील तसे बाबा बघ. तसं बघवणार नाही म्हणून तू येणं टाळतेस, हे मला कळतं. बाबांनाही कळतं, म्हणूनच तो डबा भरला.

ता. क. दुसरा : पाठीमागे चुगली नको म्हणून पत्र बाबांना वाचायला दिलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ त्यांची आहे. लिहायला पाऊण तास लागला आणि तुला भिंगानेही लागणार नाही, म्हणून मीच उतरवून देतो: "याने लिहिलंय ते खरं आहे. फाटकापर्यंत येणं जमेल असं वाटत नाही. तू आत ये."