विषय नववा : कठडा

३ फेब्रुवारी, सोमवार

हसले. समितीच्या सभेत तिघेही हसले. औषधवाला तर तोंडाला रुमाल लावून हसला.

आधी दिवाबत्ती – तीन खांब बंद, "संबंधितांना कळवावे." मग बाजारातल्या गटाराचं झाकण. मग मोकाट कुत्री. कुत्र्यांवर पाऊण तास! छापखानेवाल्याला कुत्रं चावता चावता राहिलं होतं, ते त्याने साग्रसंगीत सांगितलं, शेपटीसकट. शेवटी माझा विषय. वरच्या आळीतून बाजारात उतरणाऱ्या बासष्ट पायऱ्यांना कठडा बसवावा. मी कागदावर नीट लिहून नेलं होतं. उभी राहिले, पहिलं वाक्य वाचलं, आणि अध्यक्ष म्हणतो, "मॅडम, लोकांनी खाली बघून पाय टाकला तर कठडा कशाला लागेल? उद्या म्हणाल, पायऱ्यांवर गाद्या घाला."

हशा. लाकडी हातोडी आपटली. "किरकोळ विषय. पुढे कधीतरी घेऊ."

नोव्हेंबरात माझी थोरली बहीण त्याच पायऱ्यांवरून पडली. वरून एकोणिसावी पायरी. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ताई मागच्या खोलीत खाटेवर आहे, आणि हे त्या सभागृहातल्या खुर्च्यांनासुद्धा माहीत आहे. तरी गाद्या!

आजपासून अध्यक्षाचं नाव हातोड्या. मी हे विसरणार नाही. विसरायची सवयच नाही मला.

४ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काज करताना सुई बोटात गेली. डोक्यात अजून ते हसू. तेही त्याच्यामुळेच.

६ फेब्रुवारी

ताईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. ती म्हणते कशी, "तो लहानपणीही असाच. काय बोलावं कळेना की विनोद करायचा." ताई शाळेत शिकवायची, चौथीत हातोड्या तिच्याच वर्गात होता. अजून तिला "बाई" म्हणतो म्हणे. म्हणत असेल! बाई पडल्यावर एकदा तरी भेटायला आला का?

"फळं पाठवली होती त्याने," ताई म्हणाली.

फळं. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं नि मुंगीच्या पावलाने जातं, आणि हा फळं पाठवतो. मी म्हटलं, "लाडका विद्यार्थी ना तुझा, मग असू दे." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. भांडण माझं त्याच्याशी आणि अबोला घरात. वा!

११ फेब्रुवारी

आज हातोड्याचा कोट कापायला घेतला. जानेवारीतच मापं देऊन गेला होता. चौकात कारंजं बांधायचंय त्याला, वडिलांच्या नावाचं. उद्घाटनाला नवा कोट हवा. कारंज्याचा ठराव अजून मंजूर नाही, पण कोट आधी. बाजारात तुरी!

माप पाहिलं. कापड पाहिलं. उजव्या मुंढ्यात, बगलेपाशी, अर्धा इंच कमी धरला. अंगात घातला की कळणार नाही. हात खाली असला तरी कळणार नाही. हात वर केला की कळेल. हातोडी आपटायला हात वर करावाच लागतो.

तेवीस वर्षांत मी कोणाचं माप असं चुकवलं नव्हतं. चुकवताना छान वाटलं, खोटं कशाला लिहू?

१२ फेब्रुवारी

सापडलं!

चिटणीसांकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं. तिथेच, त्यांच्या टेबलाशी उभ्याने वाचलं. नियम चौदा : सभेला किमान चार सदस्य हजर हवेत. सभा चालू असताना संख्या चारच्या खाली गेली, तर अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब करावी.

आमचे एकूण सदस्य सात. एक आजारी, एक लेकीकडे परगावी, एकाने रागावून यायचं सोडलंय. उरले हातोड्या, औषधवाला, छापखानेवाला. आणि चौथी मी. म्हणजे मी उठले की सभा संपली. इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून माना डोलावतेय आणि मला ठाऊकच नव्हतं की सगळी सभा माझ्या खुर्चीच्या पायांवर उभी आहे.

पुस्तक मिटून परत दिलं. चिटणीस चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, पुढचं पानही वाचा." म्हटलं, मला हवं ते मिळालं. त्यांना प्रत्येकाने सगळं पुस्तक वाचावं असंच वाटतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिला वार.

गटाराचं झाकण पुन्हा आलं. दिव्यांचे खांब तीनचे पाच झाले. मी शहाण्यासारखी बसून. विषय सहा, कारंजं. हातोड्याने घसा खाकरला, वडिलांचं नाव उच्चारलं, आणि मी पिशवी उचलली, चष्मा डबीत ठेवला, खुर्ची आत सारली. अगदी सावकाश. औषधवाला म्हणाला, "मॅडम, कुठे?" म्हटलं, "किरकोळ काम आहे. पुढे कधीतरी येईन."

जिन्यात थांबून ऐकलं. शिपायाने डोकी मोजली. तीन. पुन्हा मोजली, जणू मघाशी एखादं डोकं नजरेतून सुटलं असावं. मग अर्धा तास तिघे एकमेकांची तोंडं बघत बसले. शेवटी हातोडी. सभा तहकूब.

बासष्ट पायऱ्या चढून घरी आले, एकदाही दम लागला नाही.

१८ फेब्रुवारी

पोट भरून जेवले. ताई म्हणाली, "आज खुशीत?" सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

कोट न्यायला स्वतः आला. मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक! पण हा आरशासमोर उभा राहून म्हणतो, "फिटिंग छान आहे." हात खालीच होते ना. मग मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. "बाई झोपल्यात का?" मी म्हटलं, "त्यांना उठवत नाही आम्ही." ताई जागी होती.

दोन मिनिटं उभा राहिला नि गेला. गुडघा दुखतो वाटतं, उंबऱ्यावरून उतरताना चौकट धरली. धर की. आमच्या घराला निदान चौकट तरी आहे.

१ मार्च

सोमवारच्या सभेची विषयपत्रिका आली. विषय सहा, कारंजं, पुन्हा. आणि सगळ्यात शेवटी विषय नऊ : पायऱ्यांना कठडा बसविणेबाबत, मांडणार – माझं नाव.

आमिष! कठडा शेपटाला बांधला, म्हणजे त्याच्या आशेने मी कारंज्यापर्यंत गुमान बसून राहीन. मला काय दूधखुळी समजतो? मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला वाटतं कोणी बघत नाही.

३ मार्च, सोमवार

नवा कोट घालून आला होता. सभा सुरू करायला हात वर केला आणि तो हात अर्ध्यावरच थबकला! खांदा हलवला, पुन्हा वर केला, शेवटी हातोडी टेबलावर टेकवल्यासारखी केली. टुक. कोणाला ऐकूसुद्धा आली नाही. छापखानेवाला शेजाऱ्याशी बोलतच राहिला. मी पदर तोंडाला लावला. रुमाल लावून हसता येतं तसं पदर लावूनही येतं.

विषय सहा आला. उठले. या वेळी हातोड्या स्वतः बोलला, "मॅडम, आज थांबा. नववा विषय होईपर्यंत तरी." आवाज मऊ होता. मऊच असणार, गरज पडली की लोण्याचा होतो माणूस. मी म्हटलं, "खाली बघून पाय टाकते, काळजी नको." आणि निघाले.

५ मार्च

शिपाई चिठ्ठी देऊन गेला. "तहकूब सभा, सोमवार दि. १०, दुपारी चार. विषय तेच." भरवा की सभा! चौथी खुर्ची कुठून आणणार? उसनी मिळते का बघा.

१० मार्च, सोमवार

नाही गेले.

चार वाजता मुद्दाम मशीनवर बसले. शाळेच्या गणवेशाचा गठ्ठा होता. साडेचारला मनात म्हटलं, आता डोकी मोजत असतील. पावणेपाचला तर गुणगुणत होते. पाचच्या सुमारास दारावर टकटक. शिपायाला पिटाळलंय मला बोलवायला, लगेच ओळखलं. एरवी तो पायरीवरूनच "मॅडम, कागद!" म्हणून ओरडतो, आज आवाज नाही. नुसतं ठोकणं. मी खाली मान घालून दार उघडीन अशी आशा असेल.

मशीनवरचा पाय उचलला. चाक थांबलं. श्वाससुद्धा जपून घेतला. पुन्हा टकटक. मग बराच वेळ काही नाही. दाराबाहेर कोणीतरी उभं होतं, ते कळत होतं. मी दोऱ्याचं रीळ हातात धरून मोजत होते, साठपर्यंत, पुन्हा साठपर्यंत. मग पावलं गेली.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आज मी नाक दाबलं. आज तो माझ्या दारात आला, शिपायाच्या रूपाने का होईना, आणि मी दार उघडलं नाही. या एका दिवसासाठी महिनाभर जगले.

१२ मार्च

सभा झाली.

झाली! छापखानेवाल्याने दुकानात बोलावून इतिवृत्ताची प्रत हातात ठेवली. आधी वाटलं, माझी चेष्टा करतोय. मग त्यानेच सांगितलं. तहकूब झालेल्या सभेला चार सदस्य लागत नाहीत. तीन असोत, दोन असोत, चालते. नियम पंधरा. पुढच्या पानावर.

कारंजं – मंजूर. खांब – मंजूर. झाकण – मंजूर. आणि खाली : "विषय ९. कठडा. मा. अध्यक्षांच्या सूचनेवरून सभेचे काम पन्नास मिनिटे थांबविण्यात आले. विषय मांडणाऱ्या सदस्या हजर न झाल्याने विषय निकाली. नियमाप्रमाणे सहा महिने पुन्हा आणता येणार नाही."

पन्नास मिनिटं म्हणे! पन्नास मिनिटं चहा ढोसत बसले असतील. हे त्याने ठरवून केलं. सतरा फेब्रुवारीलाच करता आलं असतं, असं छापखानेवाला म्हणतो. तेव्हा चिटणीसांनी तहकूब सभेची तारीख सुचवली होती, तर हातोड्या म्हणाला होता, "नको, त्यांना येऊ दे." म्हणजे काय? म्हणजे मला आणखी गाफील ठेवायचं होतं, दुसरं काय! छापखानेवाल्याने मान हलवली नि कागद कापायला घेतले. त्याला काय कळतंय?

मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पण धोंडा हातात त्याने दिला. ताईला काय सांगू? ती रोज खिडकीतून त्या पायऱ्यांकडे बघते. सप्टेंबरपर्यंत सहा महिने. सहा महिन्यांत मी त्याला असा धडा शिकवीन की कारंज्याचं पाणी कडू लागेल. आता मुंढा नाही. आता गळा कापीन – कोटाचा.

ताईला सांगितलं नाही.

१३ मार्च

सकाळी शिपाई कोट देऊन गेला. सोबत चिठ्ठी : "बगल उसवली आहे. जमेल तेव्हा. घाई नाही."

मी मनात म्हटलं, उसवलीच! मग कोट उलटा केला. उजवी बगल तळापर्यंत फाटली होती, एकदम जोराने हात लांबवल्यासारखी. आणि मागचा घेर दगडी भुकटीने पांढरा, झिजून विरविरीत झालेला. बसल्याजागी असं होत नाही. घासत गेल्याशिवाय होत नाही.

कोट घेऊन ताईकडे गेले. ती म्हणाली, "सोमवारचा. खिडकीतून दिसला मला, दोनदा थांबून वर आला. दारात उभा होता, दम लागला होता त्याला, बोलवत नव्हतं. मग उतरताना पहिल्याच पायरीवर तोल गेला, हात बाजूला टाकला, तिथे धरायला काय आहे? पुढे बसून बसून उतरला. एकेक पायरी. मला वरच्या तीसेक दिसतात, तिथपर्यंत तरी बसूनच."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहीत होतं. मशीन थांबवलंस ना तू."

कोट हातानेच शिवतेय. मशीनचा आवाज नको वाटतो.