मोटारीतलं नारळपाणी

खंडेनवमी, २००३. उचगाव.

घाईघाईत लिहितेय. अक्षर आज असंच येणार.

बचत गटाला सरकारी अनुदानातून मिळालेलं मिरची कांडपाचं यंत्र आज जळलं. अजून एक किलोसुद्धा तिखट-चटणी त्यातून निघाली नव्हती. आज पूजा, आणि परवा तालुक्याचे साहेब येऊन यंत्र चालू बघणार, असं ठरलं होतं. बंद दिसलं तर ते दुसऱ्या गटाला जाईल. आणि माझ्या शब्दावर शेतातली भांगलणीची, तण काढायची कामं सोडून आलेल्या बायका? त्यांना काय सांगू?

सासूबाईंना आवरायला हवं होतं का मी? हळदकुंकू वाहून झालं, आणि त्यांनी नारळ खाली दगडावर न फोडता थेट यंत्राच्या लोखंडी कडेवर आपटला. यंत्राचा मान म्हणून. सगळं पाणी मोटारीत. बटण दाबल्यावर नुसती घुंघुं, मग धूर. तो जळका वास अजून नाकातून जात नाही.

तेवढ्यात शेजारची सुमन म्हणाली, "वहिनी, कुठं बोलू नगासा. परवा सायबाच्याच हातनं त्याच कडेवर नारळ फोडून घिऊ की. मग मोटार कुणी जाळली?"

मी हो म्हणाले. लगेच. आता त्या 'हो'चीच भीती वाटतेय, साहेबापेक्षा जास्त.

तरी येताना दुकानातून नारळ घेतला. घरी येऊन कानाशी धरून हलवला.

पाणी भरपूर आहे.