नारिंगी रुमाल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पू थांबत नाही. पट्टी परत पिवळी! स्कूटी घसरली, नडगी मोडली, डॉक्टरनं रॉड टाकला, अन् त्या रॉडलेच जंतू लागला. मुक्कामच ठोकला मेल्यानं! पोरींले खो-खो शिकवणारी बाई मी, अन् आता संडासात जायले भिंत धरते.

आज अकोल्याले हाडाच्या डॉक्टर अपेक्षा मॅडमकडे गेलो. त्या म्हणे एक नवा रॉड आहे, अजून त्याची तपासणीच चालू आहे, समिती ठरवते त्या मोजक्याच पेशंटले देतात. त्याच्या अंगावर नळ्याच नळ्या – इतक्या बारीक, की डोळ्यानं दिसणारच नाहीत. त्यात औषध भरायचं, ते हळूहळू झिरपते, सरळ हाडात. "ठिबक समजा. सगळ्या शेताला पाणी नाही, फक्त मुळाला." हे मले लगेच समजलं!

पण औषध कोणतं भरायचं? त्यासाठी हाडाचा तुकडा काढून त्यावरचा जंतू वाढवून पाहणार. त्याआधी दोन आठवडे एकही जंतू मारायची गोळी घ्यायची नाही. घेतली तर तो दबून बसते, सापडत नाही. नाही सापडला तर रॉड नाही. अन् रॉड नाही म्हणजे गुडघ्याच्या वरून पाय कापायचा.

कापायचा! किती सहज म्हणाल्या.

६ नोव्हेंबर

गोळ्या बंद. अंग तव्यासारखं तापून राह्यलं. डोणगावहून माय आली, पिशवी ठेवायच्या आधी कपाळाले हात लावला. "अवं, ताप आहे अन् गोळ्या बंद? काऊन?" प्रसेनजितनं सगळं समजावून सांगितलं. बायकोच्या आईसमोर नवरा मास्तर झाला! माय म्हणे, "आमच्या शेजारच्या कौशल्याबाईचा मणका सडला होता, टीबी होता. गोळ्यांनंच उभी राह्यली ती." मग गप्प झाली. माय गप्प झाली की मले भेव वाटते.

११ नोव्हेंबर

ताप उतरला. पू तेवढाच. वांग्याची भाजी कडू लागली. माय म्हणे तापानं तोंड कडू होते. लाल तिखट तर असं टाकते की डोळ्यातून पाणीच! पण मुकाट्यानं खाल्ली. ती समोर बसून घास मोजते.

१४ नोव्हेंबर

रात्री तोंड दाबून रडली. सकाळी पाहते तं रुमाल नारिंगी! लघवीही तशीच. हे काय होऊन राह्यलं बाप्पा? आतून सडली काय मी?

कोणाले नाही सांगत. मॅडमले समजलं तर पाय उद्याच जाईल.

१८ नोव्हेंबर

हाडाचा तुकडा काढला. सापड रे जंतू. आयुष्यात कोणी जंतूची एवढी वाट पाहिली नसेल.

२४ नोव्हेंबर

काहीच उगवलं नाही.

मॅडमचा चेहरा पाहूनच समजलं. "आम्हाला कोणतं औषध भरायचं तेच कळत नाही, धम्मशीलाताई. समिती रॉड देणार नाही. आणि पू गुडघ्याकडे चढतोय." शुक्रवारी कापणार.

मी काय मागितलं होतं? एक पाय. माझाच. शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ आखते, तिच्यावर उभं राहायले पाहिजे, बस. मले कोणीच नको आज. प्रसेनजित जवळ आला, त्याच्यावर ओरडली. माय भाकर घेऊन आली, ताट सरकवून दिलं. मरून गेली असती त्या स्कूटीखाली तर बरं झालं असतं! हे लिहिलं. खोडणार नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भरती झाली. मॅडम सही घ्यायले आल्या. पेन हातात घेतला अन् रडूच फुटलं. डोळे पुसले. मॅडमनं एकदम रुमाल हिसकला. "हा रंग कशाचा? कोणती गोळी घेता?"

"एकही नाही. शपथ!"

"मग हा रंग कसा? टीबीच्या गोळ्यांनी अश्रू असे होतात."

कोपऱ्यात माय उभी होती. खाली बसली अन् सगळं सांगून टाकलं. कौशल्याबाईच्या उरलेल्या गोळ्या. कुटून भाजीत. रोज. "तुह्या अंगातला ताप मले पाहवत नव्हता पोरी."

कापणं थांबलं! जंतू मेला नाही, दबून बसला आहे. त्या गोळ्या बंद, मग परत तुकडा काढणार.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. मी मायवर तुटून पडली. "तू माह्या पायाची वैरी आहे! पुन्हा माह्या घरी येऊ नको!" ती सरळ स्टँडवर गेली, डोणगावची गाडी धरली.

३० नोव्हेंबर

मी बुलढाण्याले घरी आली. कौशल्याबाईचा फोन. "तुह्या मायनं गोळ्या दोघींच्या नेल्या होत्या वं. म्हणे, रोज आधी मी खाते. मले काही झालं नाही तर मंग पोरीले."

माय दवाखान्यातूनच गेली, तिचं लुगडं इथं दोरीवरच राहिलं. प्रसेनजितले काढून आणायले लावलं. धुतलेलं, वाळलेलं. पदराचं टोक तरी नारिंगीच.