खडखडीवरची गोणी आणि तुझा मरून स्वेटर

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे. उरलेला अर्धा मनाने वाकलो असं समज. उसण कशाने भरली ते पुढे येईलच.) तुझा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं सुरू आहे, की अजून खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत एवढ्यालाच तू चालणं म्हणतेस? इकडे सगळं ठीक. तुझी भावजय माझ्यावर चिडलेली आहे, आणि ती चिडलेली असली की तिची तब्येत उत्तम असते हे तुला ठाऊकच आहे.

आता तुझ्या स्वेटरबद्दल. गेल्या तीन फोनमध्ये तू तो मरून स्वेटर कुठे आहे असं विचारलंस आणि तिन्ही वेळा मी 'आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. स्वेटर माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला थंडी वाजते म्हणून तूच माझ्या अंगावर घातला होतास, तो मी परत दिला नाही. आता तो धुतलेला आहे, आणि त्याच्या डाव्या बाहीला जे झालं ते मी रफू केलं आहे. अडतीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाचं काम आहे, शोधूनही सापडणार नाही. पण बाहीला काय झालं हे सांगायचं तर आधी पार्कचं सांगावं लागेल. जरा टेकून बस.

आपली खडखडी पाडणार आहेत. (हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. सावकाश सांगायला हवं होतं, पण सावकाश कसं सांगतात ते मला जमत नाही.) पार्कचा म्हणे कायापालट करायचा आहे. आपला लाकडी रोलर कोस्टर जाऊन तिथे लोखंडी येणार, सहा कोलांट्या खाणारा. फाटकावर फलक लागला की ज्यांचं या पार्कवर प्रेम आहे त्यांनी नव्या खेळांच्या कल्पना लेखी कळवाव्यात. आता ज्यांचं प्रेम आहे म्हटल्यावर मी गप्प बसणार आहे का? मी एकेचाळीस कल्पना पाठवल्या. चित्रांसह. तुझ्या भावजयीचे कापड बेतायचे खाकी कागद त्यात संपले, हे तिच्या रागाचं पहिलं कारण.

बाकीच्या हौशी मंडळींच्या कल्पना फाटकाजवळच्या भिंतीवर लावल्या होत्या, त्या मी चष्मा पुसून वाचल्या. सगळ्यांना एकच हवं आहे, आणखी उंच आणि आणखी जोरात. एकाला तर डोळ्यांवर पट्टी बांधून खड्ड्यात पडायचं आहे. (त्यासाठी पार्क कशाला हवा, आमच्या गल्लीत या म्हणावं.) माझ्या कल्पना किती वेगळ्या, पाहा. सातव्या कल्पनेत मी शिवणयंत्राच्या दोऱ्याप्रमाणे रूळ नेला आहे, रिळावरून निघून ताणाच्या चकत्यांमधून सुईपर्यंत आणि तिथून खाली बॉबिनमध्ये. तिसरी कल्पना डब्यात चढायला वीतभर उंचीची पायरी आणि डाव्या हाताला मूठ. बारावीत गाडीने शिखरावर दीड मिनिट थांबावं, म्हणजे शेजारच्या माणसाला निवांत चार गोष्टी सांगता येतात. एकोणिसावी म्हणजे पर्स अडकवायची खुंटी, मालकिणीच्या नजरेसमोर राहील अशी. आणि तेहेतिसावी माझी लाडकी. तो रोलर कोस्टर थेट घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सुटतो, म्हणजे ज्यांना जिना उतरून बाहेर पडायचा कंटाळा आहे त्यांचीही सोय झाली. भिंतीवर प्रत्येक कल्पनेखाली लोकांनी पसंतीची खूण करायची होती. माझ्या सगळ्या कल्पनांना मिळून एक खूण झाली, तीही मीच केली.

तर स्वेटर. खडखडीचा नियम तुला माहीतच आहे. दोघांच्या बाकावर एकटा माणूस बसला की डाव्या वळणावर डबा कलतो, म्हणून एकट्याला बसू देत नाहीत. जोडीला कोणी नसेल तर ब्रेकवाला शेजारी वाळूची गोणी बसवतो आणि पट्टा लावतो. गेली चार वर्षं दर गुरुवारी दुपारी मी त्या गोणीबरोबर बसतो. (तुझ्या भावजयीला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, तेव्हा तिचा प्रश्नच नाही.) गोणी तशी शांत स्वभावाची आहे, पण तिची वाळू गळते. ती माझ्या पँटमधून घरात येते, आणि हे रागाचं दुसरं कारण. म्हणून मी गोणीला तुझा स्वेटर घातला आणि बाह्यांमध्ये, आकार यावा म्हणून, थोडी वाळू भरली. मग वरचं बांधलेलं तोंड उघडं दिसायला लागलं, तर त्यावर माझी लोकरीची टोपी चढवली. तुझ्यासारखी दिसत होती असं मी म्हणणार नाही, कारण तू हे पत्र वाचते आहेस. पण शेजारी बरं वाटत होतं, हे खरं.

मागच्या गुरुवारी मागच्या डब्यात एक बाई बसल्या होत्या, प्रथमच आलेल्या. चढणीवर गाडीने हिसका दिला आणि गोणीची मान लटकली. बाईंनी किंकाळी फोडली की पुढच्या म्हाताऱ्या बाई गेल्या! ब्रेकवाल्याने घाबरून गाडी चढणीच्या मध्यावर थांबवली. गोणी त्याने स्वतःच्या हाताने बसवलेली, पण एवढा आरडाओरडा झाल्यावर त्याचाही स्वतःवर विश्वास राहिला नाही. पार्कातल्या नर्सबाई बाजूच्या एकशे बारा पायऱ्या धावत चढून आल्या आणि त्यांनी थेट बाहीत हात घालून नाडी पाहिली. नाडी लागेना म्हणून त्यांनी बाही ओढली, ती उसवली आणि सगळी वाळू त्यांच्या बुटांवर सांडली. ताई, त्या क्षणी त्यांचा चेहरा असा झाला की मला आधी त्यांचीच काळजी वाटली. मग सगळे माझ्यावर उलटले. तुमच्या शेजारी एवढं होईपर्यंत तुम्हाला दिसलं नाही, डोळे मिटून बसला होतात काय, असं त्या मागच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठणकावून सांगितलं की मी समोरचा देखावा पाहत होतो. सगळ्यांना पायऱ्यांनी खाली उतरवलं, आणि नर्सबाई जाता जाता म्हणाल्या, तुमचा पेशंट तुम्हीच उतरवा. तो मी पाठीवर घेऊन उतरवला. उसण त्याचीच.

मग ऑफिसात बोलावणं आलं. मला वाटलं, आता जन्माची बंदी. समोर कायापालटाचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरबाई, आपल्या मुलींच्या वयाच्या, आणि त्यांच्या टेबलावर माझे एकेचाळीस खाकी कागद, नीट क्रमाने लावलेले. गोणीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वरून तुम्हाला काय दिसतं, एवढंच विचारलं. मी धडाधड सांगितलं, नदीचं वळण, पाण्याची टाकी, आणि पिवळं घर, ज्याच्या गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या असतात. त्या म्हणाल्या, काका, पिवळं घर दोन वर्षांपूर्वीच पाडलं. मी म्हटलं, तुमचं काहीतरी चुकतंय. (तरुण माणसांना घरं लक्षात राहत नाहीत.)

त्यावर त्या वाद घालत बसल्या नाहीत. कागद उलटत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, या एकेचाळीस खेळांमध्ये बसणारी बाई एकच आहे. तिचा डावा गुडघा दुखतो, तिला पर्स नजरेआड चालत नाही, आणि तिच्या गॅलरीत निळी बादली आहे. कोण आहेत त्या?" मी आधी सार्वजनिक हिताबद्दल थोडं बोललो. मग निळ्या बादलीकडे पाहिलं. मी ती कधी काढली ते मलाच आठवत नव्हतं. मग मी सांगितलं, की ही माझी ताई. मी सात वर्षांचा असताना उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडलो, तेव्हा हिने माझ्या बुटांत स्वतःचे रुमाल घडी करून घातले आणि मला आत नेलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला आम्ही दोघं वर आणि, तिचं लग्न झाल्यापासून, भावोजी खाली, दोघांच्या पिशव्या धरून. चार वर्षांपूर्वी भावोजी गेले. आता खाली कोण उभं राहणार, असं ती एकदा म्हणाली आणि परत आलीच नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला, तो चांगला स्वच्छ होता तरी.

खडखडी वाचणार नाही, ताई. लाकूड आतून गेलं आहे, पुढच्या पावसाळ्यात तिचा भरवसा नाही, हे त्यांनी मला हात लावून दाखवलं आणि मला पटलं. नव्या खेळातही माझं दोऱ्याचं वळण घेणार नाहीत. पण एकेचाळिसावी कल्पना मंजूर झाली. खाली पिशव्या धरून उभं राहणाऱ्यांसाठी सावलीत एक लांब बाक, जिथून वरची माणसं दिसतील आणि हात हलवता येईल. तो नकाशात काढलाही आहे, मी पाहिला. फार बरं वाटलं, आणि भावोजी हवे होते असंही वाटलं.

मुलींना आशीर्वाद. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. खडखडीची शेवटची फेरी या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता. दुसऱ्या डब्यातल्या आपल्या दोन्ही जागा राखून ठेवल्या आहेत. माझी तिसरी कल्पना पाहून ब्रेकवाल्याने वीतभर उंचीची पायरी करून ठेवली आहे, आणि बाकावर पर्ससाठी खुंटीही ठोकली आहे. पिशव्या धरून खाली तुझी भावजय उभी राहील, हे तिने स्वतःहून कबूल केलं. (खाकी कागदांबद्दल त्यानंतर बोलणार आहे म्हणाली.) स्वेटर पोस्टाने पाठवत नाही. वर वारा असतो, तिथे येऊन घाल.

ता. क. दुसरा. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या भावजयीलाही नाही. त्या मागच्या बाई खरं बोलल्या. मी डोळे मिटूनच बसतो. पहिल्या दिवशी बुटांत रुमाल घालून नेलंस तेव्हा तूच म्हणालीस, भीती वाटली तर डोळे मीट, वरून काय दिसतं ते मी सांगते. मी मिटले. नदी, टाकी, पिवळं घर, चादरी, सगळं तू सांगितलंस तसं मी पाहिलं. उघड असं तू कधी म्हणाली नाहीस, म्हणून आजवर उघडले नाहीत. चार वर्षं झाली, वरून आता काय दिसतं हे मला कुणी सांगितलेलं नाही.