शिंगांवरचा लाल रंग

वसंताचे बाबा,

भात चुलीजवळ झाकून ठेवला हाये, तो खाऊन घ्या. मरायच्या आधी बैलांनी चारा सोडला, तसं तुम्ही जेवण सोडलं. पण तुमच्यासाठी सरकार मदत देत नाही.

मी दुलीचंद भाऊजीले घेऊन पटवारी साहेबासंग बैल पुरले त्या खड्ड्यावर चालली. गुरांचा रोग बाहेर राहावा म्हणून मंतर घालून गाव बांधलं, बाहेरच्याले बंदी केली, तवा शिवेवर उभं राहून तुम्हीच त्याईले अन् जनावरांच्या डॉक्टरले परत लावून दिलं. आता ते म्हणतात, मेलेले बैल पाह्यलेच नाही तर मदत कशी लिहू? सारा गाव तुम्हाले बोलते. मी काय बोलू, शिवेवर निंबाचं तोरण मीच बांधलं होतं.

साऱ्या गावच्या जनावरांचा खड्डा एकच, तो उकरावा लागते. तुम्ही येऊ नका. पोळ्याले आपल्या बैलांच्या शिंगांले मी लाल रंग लावला होता. तो राह्यला असंल तर ओळखीन.

मदतीत जोडी नाही, एकच बैल भेटते म्हणतात. गोठ्यातला दुसरा खुंटा उपटून ठेवा. मी सकाळी गेलती उपटाले, मले जमलं नाही.

शेवंता