दोनशे वीस बेडूक

ला पास, २५ जून

झुल्माताई,

पत्रास कारण की तू माझा नंबर बंद केलायस. मावशी म्हणते, "तिने सगळ्यांचेच बंद केलेत, सख्ख्या आईचा, माझासुद्धा. तू काय एवढा लागून गेलास?" पण मला वाटतं, माझा पहिला केलास.

हे पत्र साओ पाउलोच्या बसवरचा तेओफिलो आणून देईल. शिवणकारखान्याच्या दारातून आत फेकू नकोस, ताईच्या हातात दे, असं त्याला बजावलंय. त्याची अर्धी मिशी कुठे गेली ते विचारू नकोस. तो बसस्टँडवर झोपला होता आणि माझ्या खिशात कात्री होती.

इकडे सगळं बरं आहे. सान हुआनच्या सणाला यंदाच्या हिवाळ्यात एवढी थंडी पडली की अंगणातल्या बादलीत बर्फाची ताटली जमली. ती मी शेजारच्या एउसेबियोकाकांच्या खुर्चीवर ठेवली. काका बसले, उठले, आत गेले. संपलं. पूर्वी तू तरी "मेल्या, म्हाताऱ्याला मारशील" म्हणत पाठीत धपाटा घालायचीस. आता मी चेष्टा करतो आणि तिथेच उभा राहतो, धपाट्याची वाट बघत.

मावशीचे गुडघे दुखतात. जेवायला आम्ही दोघंच. तुझी खुर्ची भिंतीला लावलीय आणि तिच्यावर त्या शालींतल्या दहावीसांचा ढीग. म्हणजे सूप पिताना समोर बेडूकच.

तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. नाचाच्या मंडळाच्या सगळ्या बायका आपल्या दुकानात जमलेल्या, चीनहून आलेली दोनशे वीस शालींची गासडी मधोमध. मावशीने तिच्यावर दारू शिंपडली, कागदी फिती टाकल्या, सगळ्यांनी हात लावला. मग तू कात्रीने दोर कापलास. रंग काय सुंदर आला होता, ताई. अगदी तू पाठवलेल्या दोऱ्यासारखा, पिकत आलेल्या पपईचा. गोंडे बरोबर, लांबी बरोबर. मग मंडळाच्या प्रमुख असुंताबाईंनी पहिली शाल उलगडली आणि गुलाबाच्या जागी हा एवढा हिरवा बेडूक, सगळ्यांकडे बघत बसलेला. दुसरी उलगडली, तिसरी उलगडली. सगळ्यांवर तोच.

असुंताबाई मावशीला म्हणाल्या, "लेओनार्दा, ही शाल आहे का डबकं?"

तू म्हणालीस, "मी गुलाबच लिहिले होते."

"मग बेडूक काय आभाळातून पडले?" मावशी म्हणाली. "त्या चीनच्या शेनबाईचं उत्तर आलं होतं ना? वाचलंस का नीट?"

तू म्हणालीस, "वाचलं."

एवढंच म्हणालीस. मग बायका मिरवणुकीत गेल्या वर्षीच्या जांभळ्या शाली घालून नाचल्या, समोरच्या मंडळाची पोरं फुटपाथवरून डराव डराव करत होती, आणि सोमवारी तू बसमध्ये बसलीस.

जाऊ दे. शेनबाईंनाच कळलं नसेल. तिकडच्या लोकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं.

तब्येतीला जप. मशीनवर वाकून बसू नकोस, तुझी मान धरते.

तुझा रोनाल


ला पास, १० ऑगस्ट

झुल्माताई,

तेओफिलो म्हणाला, तू पत्र घेतलंस, घडी केलीस आणि एप्रनच्या खिशात टाकलंस. मी विचारलं, काही बोलली का? म्हणाला, "माझ्या मिशीकडे बघून हसली." म्हणजे मिशी सत्कारणी लागली. त्याला पुढच्या वेळी भुवया सांभाळ म्हणालोय.

मोठी बातमी अशी, की शेनबाईंना निरोप लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय. हसू नकोस. मावशीला वाचता येत नाही, दुसरं आहे कोण? दुकानाचा फोन तिने माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "वेणीचे गोंडे मागव. आणि शहाणपणा करू नकोस."

मी लिहिलं, काळे गोंडे, छान लांब पाठवा. लगेच उत्तर आलं, हो, समजलं. मी खूश. आले ते असले लांब, की एउसेबियोकाकांच्या सुनेने वेणीला लावून बघितले तर टोक गुडघ्यापाशी. ती म्हणाली, "रोनाल, याला घंटा बांध, मी चर्चमध्ये टांगते."

तेव्हा मी तुझी वही काढली. गल्ल्याखालची, मेणकापडाचं कव्हर घातलेली. आधी तिची टिंगल करायचो ना मी, की ताई चिनी बाईला प्रेमपत्रं लिहिते. आता बसून वाचली. लाल कधी म्हणायचं नाही, दोऱ्याचा तुकडा चिकटवून पाठवायचा. लांब म्हणायचं नाही, सेंटिमीटर लिहायचे. एका निरोपात एकच गोष्ट. चेष्टेत काही लिहायचं नाही, मोबाईल दुसऱ्या भाषेत करताना चेष्टा गाळतो आणि शब्द तेवढे पोचवतो. आणि एका पानावर तू दोनदा रेघ मारलीयस: समजलं का, असं विचारायचं नाही. माणूस हो म्हणतो. काय समजलं ते तुमच्या शब्दांत लिहा, असं म्हणायचं.

तसं केलं. दुसऱ्या खेपेचे गोंडे बरोबर आले. मावशीने उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "हं." तिची शाबासकी तुला माहीत आहे.

शेनबाई दरवेळी शेवटी विचारतात, सेन्योरिता झुल्मा कुठे आहे, बरी आहे ना? मी फुलाचं चित्र पाठवतो. दुसरं काय पाठवू?

वही वाचताना एक गोष्ट झाली. पान उलटलं आणि डिसेंबर आला. तिथे तू शालींचं सगळं लिहिलंयस, रंग, माप, गुलाब. खाली लिहिलंयस, उत्तर आलं, सगळं बरोबर, आणि बरोबरची खूण. मी वही मिटली.

ताई, आता चिडू नकोस. ते बेडूक माझे. अठ्ठावीस डिसेंबर होता, निरागसांचा दिवस. सगळ्या गावात ज्याने त्याने एकमेकांना फसवायचं आणि मग "फसलास" म्हटलं की मिटलं. सकाळी मी मावशीच्या मिठाच्या डब्यात साखर भरली होती. तू नाश्त्याला साल्तेन्या आणायला गेलीस, फोन गल्ल्यावर होता. मी शेनबाईंना लिहिलं, गुलाब नकोत, बेडूक हवेत. एक मिनिट थांबलो आणि खाली लिहिलं, फसलात. त्यांनी फुलाचं चित्र पाठवलं. मला वाटलं त्या हसल्या. इथे कोणीही हसलं असतं. त्यांच्याकडे तो दिवस नसतो, हे कोणाला माहीत?

म्हणजे बघ, तशी चूक कोणाचीच नाही. ना तुझी, ना माझी.

हे मावशीला अजून सांगितलेलं नाही. तिचे गुडघे बरे झाले की सांगीन.

तुझा गाढव
रोनाल


ला पास, ३० डिसेंबर

झुल्माताई,

मावशीचे गुडघे बरे झालेले नाहीत. ते काही होत नसतात.

ऑगस्टनंतर मी तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तेओफिलो प्रत्येक खेपेला विचारायचा, "काय रे, या वेळीही टपाल नाही?" मी म्हणायचो, "आधी तिचं उत्तर आण." तो नुसते हात दाखवायचा.

परवा अठ्ठावीस तारीख होती. दुकानात मावशी होती, असुंताबाई होत्या, आणखी चारपाच जणी. पुढच्या वर्षीचा रंग ठरवायला आल्या होत्या. मी मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "ते बेडूक मी लिहिले होते. झुल्माताईने नाही."

असुंताबाई आधी हसल्या. मग सगळ्याच हसल्या. एक म्हणाली, "अरे, एवढी जुनी गोष्ट काढून फसवतोस? काहीतरी नवीन शोध." मावशी म्हणाली, "आजच्या दिवशी तुझं कोण खरं मानणार? जा, पाव घेऊन ये."

मी पाव आणायला गेलो.

ताई, खरं सांगतो. तोच दिवस मी मुद्दाम धरला होता. मावशी फार भडकली तर "फसलीस" म्हणून पळायला वाट राहील, म्हणून. वाट तर राहिली. पाव घेऊन येताना मला कळलं, की या गावात आता मी रडलो तरी लोक हसतील. बेकरीसमोर उभा राहिलो बराच वेळ. मला घरी जायचं होतं आणि घरी तू नव्हतीस.

आता जे ऑगस्टमध्ये लिहिलं नाही ते लिहितो. एका निरोपात एकच गोष्ट, तसंच.

शेनबाईंनी विचारलं होतं.

एकोणतीस तारखेला सकाळी त्यांचं उत्तर आलं होतं, तू सांगितलं होतंस तसं, त्यांच्या शब्दांत. रंग दोऱ्याप्रमाणे. माप अमुक. फोटो पाठवायचा नाही, समोरच्या मंडळाला रंग आधीच कळू नये म्हणून. हे त्यांनी मान्य केलं होतं. आणि शेवटी, गुलाबाऐवजी बेडूक, तर बेडूक समोरून हवा की बाजूने? पायाला बोटं किती?

मला आधी हसू आलं. मग मी ते पुन्हा वाचलं. मी लिहायला घेतलं की ती मस्करी होती, आणि तू मागच्या खोलीतून हाक मारलीस, "कोणाचा निरोप रे?" निरोप तुला दिसला असता तर धपाटा बसला असता, बस. एक धपाटा. त्याला मी घाबरलो नाही ताई. तू म्हणाली असतीस, "तुझ्या हातात फोन देणार नाही पुन्हा," त्याला घाबरलो. मी तो निरोप आणि आदल्या दिवशीचे माझे, सगळे पुसले आणि म्हणालो, "शेनबाईंचं उत्तर आलं होतं. मी वाचलं, सगळं बरोबर आहे. चुकून पुसलं गेलं."

तू म्हणालीस, "सगळं बरोबर ना? नक्की?" मी म्हणालो, "हो." आणि तू वहीत खूण केलीस. माझ्या शब्दावर.

मला वाटलं, उत्तर गेलं नाही तर शेनबाई पुन्हा विचारतील. त्यांनी दहा दिवस वाट बघितली आणि समोरून ठरवला.

आणि मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, वाचलंस का, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बसून कागदी फिती गोळा करत होतो. तू म्हणालीस, "वाचलं." तू वाचलंच नव्हतंस. वाचलं होतं मी. तुला तेवढं तरी माहीत होतं, आणि तरी तू तेच म्हणालीस. गेले सात महिने मी सूप पितो तेव्हा तो शब्द समोर असतो, बेडकाच्या मागे.

काल सकाळी मी शेनबाईंना लिहिलं, गेल्या डिसेंबरचे सगळे निरोप पुन्हा पाठवा, चूक आमच्याकडे झाली होती, तुमच्याकडे नाही. त्यांच्याकडे सगळं जपलेलं. तासाभरात आलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, सेन्योरिता झुल्माला आम्हाला कधी काही दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. त्या वेळी विचारलं, कारण बेडूक तिचा वाटला नाही.

मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि मावशीपुढे ठेवलं. ती म्हणाली, "हे काय? आज कुठला दिवस आहे?" मी म्हणालो, "एकोणतीस. आज चेष्टा चालत नाही." आणि वाचून दाखवलं. माझे शब्द, त्यांचे शब्द, मग मी पुसलं ते. एकदा वाचलं. ती म्हणाली, परत वाच. परत वाचलं.

मावशी ओरडेल असं वाटलं होतं. ती तुझ्या खुर्चीवरच्या ढिगावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मग ती 'वाचलं' का म्हणाली?"

मी म्हणालो, "माझ्यामुळे."

ती म्हणाली, "तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?" मग तिने खालचा ओठ चावला आणि म्हणाली, "मी आई आहे का कोण आहे. मी तिला विचारलं काय आणि ऐकलं काय." आणि ढीग उचलून मला दिला. "हे घेऊन असुंताच्या घरी जा. तिथेही वाच."

गेलो. अंगणात सगळ्या होत्या. वाचलं. असुंताबाईंनी मला दोन वर्षं मंडळातून काढलंय. नाचायचं नाही, झेंडा धरायचा नाही, बँडच्या मागे खुर्च्या उचलायच्या. बेडकांच्या शालींपैकी एक मात्र त्यांनी ठेवून घेतली. मी विचारलं कशाला? म्हणाल्या, "झुल्मा आली की खांद्यावर घेऊन तिच्यासमोर बसणार आहे. मी तिच्यासमोर काय म्हणाले होते ते माझ्या लक्षात राहावं म्हणून."

घरी आलो तर तुझी खुर्ची टेबलाला लावलेली. रिकामी. मावशी म्हणाली, "लिही तिला. ये म्हणावं."

मी म्हणालो, नुसतं ये लिहून चालत नाही मावशी. ये म्हणजे काय ते सांग. ती म्हणाली, आता मला शिकवतोस? पण बसली. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो:

कार्निव्हलच्या आधी. खोली तुझीच आहे, तिथे गासड्या ठेवलेल्या नाहीत. फोन तुझ्याकडे, वही तुझ्याकडे, शेनबाईंना तूच लिहायचं. नाही यायचं असेल तरी राग नाही, पण नंबर चालू कर. आणि मावशीने तुला जे म्हटलं, ते तिचं चुकलं. हा शब्द तिने स्वतः सांगितला, मी घातलेला नाही. दोनदा विचारून घेतलं.

माझ्याकडून एवढंच: मला माफ कर असं लिहीत नाही, कारण ते किती सेंटिमीटर असतं मला माहीत नाही. तू आलीस तर मी बसस्टँडवर असेन. नाही आलीस तरी तेओफिलोच्या गाडीच्या वेळेला तिथेच असतो, दर गुरुवारी. तू गेलीस तेव्हापासून जातो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

उत्तरात समजलं असं लिहू नकोस. काय समजलं ते तुझ्या शब्दांत लिही. शिवी असली तरी चालेल.

आणि वरची तारीख बघ. अठ्ठावीस नाही, तीस आहे.

ज्याने वाचलं होतं तो,
रोनाल