टेबलाचा आखूड पाय

रविवार, ३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी, देवनागरीत. आम्ही तंजावरचे मराठी लोक बोलतो मराठी, पण वाचतो तमिळ. म्हणजे घरात कुणाला वाचता येणार नाही. घरात मी एकटाच असतो, हा भाग वेगळा.

भाचा चेतन आणि त्याचे मित्र हरिता, वरुण नोकरीसाठी चेन्नईला गेले, तिघं तीन टोकांना. म्हणून आमचा खेळ आता ऑनलाइन. मी गेम मास्टर. गोष्ट मी सांगायची, तिच्यातली माणसं त्यांनी व्हायचं, जगणं-मरणं फाशांवर. सात वर्षं तंजावरात माझ्या जेवणाच्या टेबलावर खेळलो. टेबल चेतनला देऊन टाकलं. उभ्याने जेवण चांगलं पचतं.

नेट स्लो म्हणून त्यांचे कॅमेरे बंद. पूर्वी चेहरे वाचायचो, आता कान तयार झालाय. शांततेवरून कळतं, रंगलेत. आज वीस मिनिटं रंगले होते.

१० ऑगस्ट, सकाळी
राजाचा चार पानी खलिता देवनागरीत लिहून पाठवला. तिघांचे अंगठे आले. पूर्वी वाचून दाखवायचो. ऑनलाइनमुळे लेखन सुधारलं.

संध्याकाळी
खलित्यात स्पष्ट होतं, पुलावर जाऊ नका. तिघंही पुलावर गेले आणि मेले. हरिता म्हणाली, "मामा, अम्हाला ते वाचाला येत नाही की."
माहीत होतं. विसरलो. तिघांना जिवंत केलं. गेम मास्टरला मन मोठं लागतं.

१७ ऑगस्ट
कानाची कमाल! चेतनचा फासा पडला की मागोमाग टक्‌. टेबलाचा डावा पाय आखूड आहे ना. फार बरं वाटलं. पुढे हरिताच्या फाशालाही टक्‌. नेटचा दोष.

सोमवार, १८
नेटवाला शिवकुमार आला. लाइन ठीक म्हणे. वर विचारतो, सार, एकट्याला एवढा स्पीड कशाला? त्याला काय कळतंय.

२४ ऑगस्ट
नवा हेडफोन. दिवाळीला शेवटचा डाव इथे, समोरासमोर खेळू म्हटलं. वरुण म्हणाला, चेन्नईतल्या चेन्नईत भेटणं होत नाही, तंजावर कुठलं जमतंय. बिचारे. त्याच्याही फाशाला टक्‌. हेडफोन परत करणे.

३१ ऑगस्ट
तिघांच्याही फाशांना टक्‌. मधेच चेतनने कुणाला तरी विचारलं, अजून सांबार वाढू का. वरुण म्हणाला, थोडं.

मग शांतता. ही रंगल्याची नव्हती. माइक बंद करून थोडा रडलो. चालू करून म्हणालो, "चेतन, डाव्या पायाखाली पुठ्ठा घाल."

हरिता म्हणाली, "मामा, तुम्ही तिथं एकटे, म्हणून सांगितलं नाही."

कोण एकटं, असं म्हणून मी लगेच राक्षस आणला.

७ सप्टेंबर
पाच ते सात खेळ. राक्षस मेला. पुठ्ठा घातला वाटतं. आवाज पूर्ण वाढवून बसलो होतो, टक्‌ काही ऐकू आलं नाही.